पुराव्याचं पोतं

सोमवार, १७ मार्च. सकाळचे पावणेदहा. स्थळ: नगर-जामखेड रस्त्यावरच्या आमच्या गावातलं रेशनचं दुकान. गावाचं नाव लिहीत नाही. बत्तीस वर्षं बातमीदारी केली, नावानिशी केली. पण हे प्रकरण अजून कागदावर मिटलेलं नाही आणि या वेळी त्या कागदावर माझंही नाव आहे.

दुकानात माणसं नव्हती, पिशव्या होत्या. अंगठ्याच्या मशीनचा सर्व्हर बंद पडला की आमच्याकडे माणसं घरी जातात आणि पिशव्या रांगेत थांबतात. भिंतीला लागून, एकामागे एक, नायलॉनच्या, कापडाच्या, एखादा तेलाचा रिकामा डबा. सर्व्हर चालू झाला की ज्याची पिशवी पुढे तो पुढे. दुसऱ्याच्या पिशवीला कोणी हात लावत नाही. सरकारने केलेला एकही नियम आमच्या गावात इतका पाळला जात नाही.

पण वाऱ्याला नियम नसतो. आमच्या शेजारच्या छबूबाईंची पातळ पिशवी दुकानाच्या उघड्या दारातून उडाली आणि बाहेरच्या गटारीत गेली. तिसरा नंबर होता. म्हातारी चौऱ्याहत्तर वर्षांची, सरळ माझ्या दारात आली.

"सूर्यभान, माजी पिशवी गेली रं गटारीत. आता परत मागं उभं ऱ्हायचं व्हय?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

माझी बायको मुक्ता आतून म्हणाली, "अहो, दाराला पिशवी अडकवलीये, ती द्या. त्यात एक दगड टाका. झालं."

झालं कसं? प्रश्न पिशवीचा नव्हता, न्यायाचा होता. (मुक्ताला हा फरक पस्तीस वर्षांत मी समजावू शकलेलो नाही.) मी माझ्या लिहिण्याच्या खोलीत गेलो आणि दारामागचं पोतं काढलं.

या पोत्याबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी एका सरकारी गोदामात मी घुसलो होतो. तिथला गहू चालत होता. म्हणजे कारभार चालत होता असं नव्हे, गहूच चालत होता, इतके त्यात किडे. मी ओळीने तीन बातम्या लिहिल्या आणि पुरावा म्हणून तिथलं एक रिकामं पोतं उचलून आणलं. जाड ताग, वर शासनाचा शिक्का. चौकशी होईल, मला बोलावतील, मी पोतं टेबलावर आपटेन, असं ठरवून ठेवलं होतं. चार वर्षांत चौकशी झाली नाही, कोणी साधा फोन केला नाही. पोत्यावर मी चिठ्ठी लावली होती: पुरावा क्र. ४. (१ ते ३ हे फोटो होते. ते जुन्या मोबाईलबरोबर गेले.)

मुक्ता दर उन्हाळ्यात म्हणायची, एकदा गच्चीवर टाकते, कडक ऊन लागू द्या त्याला. मी दर उन्हाळ्यात नाही म्हणालो. उन्हात घालणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड.

तर ते पोतं मी छबूबाईंच्या जागी, तिसऱ्या नंबरवर नेऊन ठेवलं. छान उभं राहिलं, आधाराशिवाय. शिक्का समोर. म्हटलं, आता हलवून दाखवा.

दुकान चालवतात खातूनबी. नवरा गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला, त्याला अकरा वर्षं झाली. दोन पोरींची लग्नं त्याच दुकानावर झाली. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पत्रकारभाऊ, पोतं रिकामंच आहे ना?"

"रिकामं आहे, पण त्यात बरंच काही आहे," मी म्हणालो. (हे वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं.)

सर्व्हर आठ दिवस बंद राहिला. मी संतापून रांगेचा फोटो काढला, बातमी लिहिली: 'माणसं घरी, पिशव्या रांगेत'. फोटो तीन कॉलम आला. पंचवीस तारखेला सर्व्हर सुरू झाला. छबूबाईंना तिसऱ्या नंबरवर गहू मिळाला, मी पोतं खांद्यावर टाकून गल्लीतून घरी आलो. दोघातिघांनी हात जोडले. पोतं परत दारामागे गेलं.

जूनच्या चार तारखेला छबूबाई पुन्हा दारात. या वेळी हातात सुपात गहू.

"हे बघ, काय हाय ह्यात. सोंडे मी जल्मभर बघितले. ह्ये सोंडे न्हाईत. केस हायेत ह्याला."

खरंच होते. तपकिरी, केसाळ, मुरमुऱ्याच्या दाण्याएवढ्याही नाहीत अशा अळ्या, आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा नुसता भुसा. दाण्याचं टरफल शिल्लक, आतलं सगळं फस्त. माझं डोकं फिरलं. गरिबाच्या तोंडचा घास, म्हातारी बाई, आणि पुन्हा तोच रेशनचा गहू. दुकानात जाऊन पाहिलं, तिथेही तेच. मी विचारलं, खातूनबी म्हणाल्या, "भाऊ, गोदामातून आला तेव्हा चांगला होता. मी स्वतः हात घालून बघते. हे मागून झालंय."

"सगळे हेच म्हणतात," मी म्हणालो आणि सहा तारखेला छापून टाकलं. दुकानाच्या नावासकट.

आता बघा आपल्या कारभाराची चपळाई. गोदामाच्या तीन बातम्यांवर चार वर्षांत एक कागद हलला नाही. एका बाईच्या दुकानाच्या एका बातमीवर दोन दिवसांत नोटीस आली. परवाना निलंबित, दुकानाला सील, सतरा जूनला सुनावणी, परवाना रद्द का करू नये याचा लेखी खुलासा द्या. मोठ्या दाराला कुलूप लावायला यांना किल्ली सापडत नाही, लहान दाराला मात्र शोधावी लागत नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी 'बातमीचा दणका' असं लिहिलं.

योगायोगाने (मुक्ता याला योगायोग म्हणत नाही, ती याला न्याय म्हणते) तिच्या बहिणीची मुलगी दिशा तेव्हा आमच्याकडेच राहायला होती. ती विद्यापीठात किडींवर संशोधन करते. घरात साठवलेल्या धान्यातली कीड एका घरातून दुसऱ्या घरात कशी पसरते, हा तिचा विषय. त्यासाठी तिच्याकडे भोकं पाडलेल्या नळ्या असतात. नळी गव्हात खुपसायची. किडे भोकातून आत पडतात, वर येऊ शकत नाहीत. मग ते मोजायचे.

मी तिला म्हणालो, "दिशा, सुनावणीला शास्त्रीय अहवाल हवा. अख्खी गल्ली तपास. कोणालाही सोडू नकोस."

"काका, कोणालाही?"

"सुरुवात माझ्या घरापासून कर. उगाच कोणी म्हणायला नको की पत्रकाराचं घर सोडलं."

मुक्ता भाजी निवडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भाजीकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढे सात दिवसांनी कळला.

दिशाने गल्लीतल्या चौदा घरांत नळ्या लावल्या. सील काढण्याची परवानगी मिळवून दुकानातही लावल्या. पंधरा जूनला, रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर तिने जमिनीवर मोठा कागद पसरला. त्यावर गल्लीचा नकाशा. ज्या घरात ती कीड सापडली तिथे लाल ठिपका.

"काका, हा खापरा भुंगेरा. साठवणीतल्या किडींत याच्याइतकी चिवट दुसरी नाही. खायला नसलं तर अळी भेगेत, पोत्याच्या शिवणीत जाऊन स्वस्थ बसते. वर्ष, दोन वर्षं, त्याहूनही जास्त. धान्य जवळ आलं आणि गरम झालं की उठते."

"म्हणजे आपल्या खात्यांसारखीच. पुढे?"

"नऊ घरांत सापडला. त्यातली आठ घरं पंचवीस मार्चनंतर या दुकानातून गहू घेणारी."

मी मांडीवर थाप मारली. "संपलं. सिद्ध झालं."

"नववं घर रेशन घेत नाही."

"कोणाचं?"

दिशा मुक्ताकडे बघायला लागली. मुक्ता पदराने भांडी पुसायला लागली. भांडी कोरडी होती.

"काका, तुमचं."

आमचा गहू मुक्ताच्या माहेरून येतो. तिचा भाऊ आणून टाकतो, पत्र्याच्या कोठीत. रेशनचा दाणा आमच्या घरात येत नाही. आणि त्या कोठीत लावलेल्या नळीत एकेचाळीस अळ्या होत्या, अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त.

"मग वाऱ्याने आले असतील. उडून," मी म्हणालो.

"याला पंख असतात, पण हा उडत नाही. चालूनही लांब जात नाही. याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं. पोत्यातून, बारदानातून. आणि काका, तुमच्याकडचा जुना आहे. मावशी म्हणते, तीन वर्षं उन्हाळ्यात निघतोय."

मी मुक्तावर उखडलो. "तीन वर्षं? तू मला कधी सांगितलंस?"

"दर मे महिन्यात. तुम्ही म्हणायचात, लेखी दे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी जोरात बोललो. म्हणालो, हे विद्यापीठवाले खोलीत बसून नकाशे रंगवतात. म्हणालो, दुकानाला वाचवण्यासाठी माझ्यावर ढकलताय. म्हणालो, पुरावा काय? हा शब्द तोंडातून गेला आणि दिशा उठून माझ्या खोलीत गेली. दारामागून पोतं घेऊन आली, पांढऱ्या चादरीवर धरलं आणि शिवण उसवली.

काय पडलं त्याचं वर्णन करत नाही. छबूबाई तेवढ्यात ताक मागायला आल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "आगं बाई, ह्ये तर सगळं खानदान हाय."

"पण पोतं तर इथे होतं. दुकानात कसं जाईल?" मी म्हणालो. अजून मी लढत होतो. माणूस बत्तीस वर्षं दुसऱ्याला प्रश्न विचारत आला की स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर त्याला शेवटी कळतं.

दिशाने मोबाईलवर माझीच बातमी काढली. 'माणसं घरी, पिशव्या रांगेत'. तीन कॉलमी फोटो. भिंतीला लागून पिशव्या, आणि तिसऱ्या नंबरवर, छाती काढून, शिक्का समोर करून उभं असलेलं माझं पोतं. आठ दिवस, मार्चअखेरच्या उकाड्यात, शेजारी गव्हाची थप्पी. फोटोखाली नाव: छाया – सूर्यभान.

"दुकानात कीड सगळ्यात जास्त याच कोपऱ्यात आहे," दिशा म्हणाली. "ती तिथून पुढे पसरलीय."

मी खुर्चीत बसलो. मग मला खरा राग आला, आणि तो या वेळी योग्य दिशेला गेला. मी विचारलं, "पोत्यातून हे पसरतं, हे तुम्हा लोकांना कधीपासून माहीत आहे?"

"फार वर्षांपासून. रिकामी पोती प्रक्रिया केल्याशिवाय पुन्हा वापरू नका, भिंतींच्या भेगा बुजवा. अहवाल आहे काका, शिफारशी आहेत."

"कुठे आहेत?"

"ग्रंथालयात."

म्हणजे त्या गोदामात कीड होती हे खरं, तिथली पोती तशीच फिरतात हेही खरं, मी चार वर्षांपूर्वी लिहिलं ते शंभर टक्के खरं. कोणी एकाने येऊन तेव्हा पोतं ताब्यात घेतलं असतं, तर ते माझ्या दारामागे बसलं नसतं. पण यातल्या कुणालाही काही झालेलं नव्हतं. सील लागलं होतं खातूनबींच्या दुकानाला, आणि ते लावणारा हात माझा होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाल्या:

"भाऊ, अकरा वर्षांत मी एक किलो कमी दिला नाही. पेपरात कधी आलं नाही. बरोबर आहे, त्यात छापण्यासारखं काय आहे. आणि तुमच्या पोत्यातले पाहुणे माझ्या नावावर छापलेत."

"मी परवा सुनावणीला येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"या. पण येताना पिशवी आणू नका."

सतरा जूनला मी गेलो. पोतं जाड प्लॅस्टिकमध्ये, तिहेरी गाठ मारून. (दिशा म्हणत होती, हे आमच्याकडे द्या, आम्ही रीतसर नष्ट करतो. मी म्हणालो, आधी अधिकाऱ्यांसमोर जाऊ दे.) साहेब तरुण होते, समोर फाईल, फाईलवर पंखा.

"तुम्ही तक्रारदार ना?"

"तक्रारदारही मी आणि दोषीही मी."

"असं कसं चालेल? फॉर्ममध्ये एकच रकाना आहे."

"मग मला दोषीच्या रकान्यात टाका आणि या बाईंना सोडा."

"पण दोषीवर कारवाई करायला तुमच्याकडे परवाना हवा. तुमच्याकडे रेशनचा परवाना आहे का?"

"नाही."

"मग निलंबित काय करणार?"

खातूनबी शेजारी बसून पदरात हसत होत्या. मी भडकलो. म्हणालो, चार वर्षांपूर्वी गोदामाची बातमी दिली तेव्हा तुम्ही काय निलंबित केलं? हे पोतं तिथलं आहे. हा शिक्का वाचा. यातली कीड तुमच्या गोदामातून माझ्या घरी, माझ्या घरून या दुकानात, दुकानातून आठ घरांत गेली. हा नकाशा, ही मोजणी, हा दिनांक. सुरुवात कुठून झाली ते लिहून घ्या.

साहेब नकाशा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नकाशा चांगला काढलाय." आणि शिपायाला चहा सांगितला.

पण एक झालं. दिशाचा अहवाल आणि माझा जबाब फाईलला लागला. दुकानात धुरी झाली, खराब गहू बदलून आला, तीस जूनला सील निघालं. आठही घरांत दिशाने स्वतः जाऊन डबे, कोठ्या, भेगा साफ करून घेतल्या. छबूबाईंना नवा गहू मिळाला. मी दुरुस्ती छापायला दिली. ती पान सातवर, ऊस तोडणी यंत्राच्या जाहिरातीखाली, चार ओळींत आली. खातूनबींनी ती कापून दुकानात लावलीय, मशीनच्या वर. खाली पेनाने लिहिलंय: पूर्ण वाचावे.

पोतं मात्र मी सुनावणीच्याच दिवशी कार्यालयात जमा केलं होतं, प्रयोगशाळेकडे पाठवण्यासाठी. टेबलावरचा लिपिक म्हणाला, उद्या या, साहेब नाहीत. साहेब आतल्या खोलीत चहा पीत होते. मी आवाज चढवला. पावती घेतल्याशिवाय इथून हलणार नाही म्हणालो. त्याने फॉर्म पुढे केला, मी रागारागाने भरला, त्याने गोल शिक्का मारला, मी पावती घेऊन निघालो. बत्तीस वर्षांत कोणत्याही कार्यालयातून मी पावतीशिवाय बाहेर पडलेलो नाही.

एकवीस जुलैला मला नोटीस आली. शासकीय मालकीचं एक नग बारदान चार वर्षं विनापरवानगी बाळगल्याबद्दल खुलासा करावा, आणि सदर बारदान सात दिवसांत कार्यालयात हजर करावं.

मी पावती घेऊन तडक गेलो. वाटेतच पहिलं वाक्य तयार केलं होतं. प्रयोगशाळेला आधीच फोन केला होता. त्यांच्याकडे असं काही आलेलं नव्हतं. कार्यालयातल्या आवक रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. कपाटात नव्हतं, जिन्याखाली नव्हतं. ज्या लिपिकाने शिक्का मारला त्याची बदली झाली होती.

"तुमच्याच माणसाने घेतलंय," मी पावती टेबलावर आपटली. "शिक्का बघा. सही बघा."

नव्या लिपिकाने चष्मा लावला. शांतपणे वाचलं. पावती माझ्याकडे फिरवली आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. 'वस्तू जमा करणार' याच्यापुढे माझी सही होती. 'वस्तू ताब्यात घेणार' याच्यापुढेही माझीच होती, पहिलीपेक्षा जास्त जोरात केलेली, कागद फाटेल इतकी.

"म्हणजे तुमच्याकडून तुम्हालाच मिळालंय," तो म्हणाला.

घरी येऊन मुक्ताला दाखवलं. तिने पावती उजेडात धरली, दोन्ही सह्या पाहिल्या आणि कोठी तपासायला आत गेली.

सात दिवसांची मुदत अठ्ठावीस जुलैला संपली. जिवंत किडींनी भरलेलं, शासनाचा शिक्का असलेलं ते पोतं सतरा जूनच्या दुपारपासून कुठे आहे, हे मी चार कार्यालयांना लेखी विचारलंय. अद्याप कोणीही उत्तर दिलेलं नाही. कागदोपत्री उत्तर द्यायचं आहे ते मीच.